'रेझोनन्स': दोन दारांचं मासिक

मी सांगलीकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. महागड्या जर्नल्सची, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांची, वर्गणी आम्हाला परवडत नाही, म्हणून हे लिहितेय.

बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, म्हणजे सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली काढलेली. तिचं विज्ञान-शिक्षणाचं 'रेझोनन्स' १९९६पासून दरमहा निघतं. २००७ साली अकादमीने जर्नल्ससाठी स्प्रिंगर या प्रकाशन कंपनीशी भागीदारी केली, तेव्हा मला वाटलं, झालं, आता कुलूप! लागलं नाही. कंपनीच्या साइटवर ज्या लेखाला किंमत असते, तोच अकादमीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतो. हे दुसरं दार मी पोरांना पहिल्याच तासाला दाखवते.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका परदेशी संस्थेच्या जर्नलमधला सहा पानी लेख हवा होता. तिथे दार एकच, आणि त्यावर डॉलरमधली पाटी. शेवटी लेखकालाच मेल टाकली; बिचाऱ्याने दोन दिवसांत पाठवला.

एस.वाय.च्या मुलांना 'रेझोनन्स' झेपतं. अकादमीचंच फिजिक्समधल्या संशोधनाचं जर्नल 'प्रमाण' मात्र एम.एस्सी.नंतर उघडा. आणि जुने अंक चाळायला बसलात तर चहा गार होणार, हे धरून चला.