जर्मनीत ऑपेरा की लंडनमध्ये म्युझिकल? नागपुरातून दिग्दर्शन करायला बाहेर जाणाऱ्यांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेत दोन-तीन नाटकं बसवलेली एक मुलगी परवा वसंतराव देशपांडे सभागृहाबाहेर चहाच्या टपरीवर भेटली, म्हणे दादा, मला बाहेर जाऊन गाण्याचंच थिएटर करायचंय पण ऑपेराकडे जाऊ की म्युझिकलकडे तेच कळून नाही राहिलं. उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं म्हणून नीट लिहितो. मी जर्मनीत एका मध्यम शहराच्या थिएटरमध्ये तीन सीझन असिस्टंट डायरेक्टर होतो, नंतर एक वर्ष लंडनमध्ये काढलं, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून पाहिलंय.

सगळ्यात मोठा फरक मला वाटतो तो म्हणजे प्रयोगातली वेळ कोणाच्या हातात असते हा. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत, पेटीवाला नटाकडे बघून वाजवतो, नट रेंगाळला की तोही रेंगाळतो, वन्स मोअर आला की गाणं परत होतं. ऑपेरात याच्या उलट, सगळे कंडक्टरकडे, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याकडे, बघतात, त्यासाठी विंगेत आणि बाल्कनीला स्क्रीन लावलेले असतात, आणि स्वरलिपीत दोन मात्रांची जागा असेल तर तुमच्या नटाला दोनच मात्रा मिळणार. मी पहिल्याच वर्षी एका सोप्रानोला (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेला) वरच्या स्वराच्या आधी जिना धावत चढायला सांगितलं, तिने शांतपणे विचारलं, मग श्वास कुठे घेऊ? माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण मी फक्त शब्द वाचले होते. त्या रात्रीपासून पियानोची स्वरलिपी मांडीवर घेतल्याशिवाय तालमीला बसलो नाही. जर्मनीत दिग्दर्शनाच्या तालमी जवळपास सगळ्या पियानोवरच होतात, सकाळी दहाला सुरू, दुपारी सुट्टी, परत संध्याकाळी, आणि ऑर्केस्ट्रा शेवटी शेवटी येतो, तेव्हा थांबवायचा हक्क मुख्यतः कंडक्टरचा असतो. म्हणजे तुमचं काम त्याआधी पक्कं झालेलं पाहिजे.

म्युझिकलमध्ये, निदान नव्या म्युझिकलमध्ये, सगळं वाकवता येतं. गाणं लांबलं, कापा. सीन पडतोय, लेखकाला रात्री बसवा. प्रिव्ह्यू, म्हणजे अधिकृत उद्घाटनाआधीचे प्रयोग, सुरू झाले तरी दुपारी बदल आणि संध्याकाळी तोच बदल प्रेक्षकांसमोर, आणि हे प्रेस नाइटपर्यंत, म्हणजे समीक्षक येतात त्या रात्रीपर्यंत, चालतं. ज्याला नाटक प्रेक्षकांच्या श्वासावर घडवायला आवडतं त्याच्यासाठी यासारखं शिक्षण नाही, हे मी मनापासून सांगतो. पण तिथे तुम्ही एकटे मालक नसता, कोरिओग्राफर आणि म्युझिक डायरेक्टर बरोबरीचे असतात आणि सगळ्यांच्या वर प्रोड्युसर, कारण पैसा त्याने आणि त्याच्या गुंतवणूकदारांनी लावलेला असतो.

पैशाचा विषय निघालाच तर. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं ऐंशीच्या आसपास आहेत, अगदी छोट्या शहरांतसुद्धा, आणि तिथे पगारी गायक, कोरस, ऑर्केस्ट्रा, सुतारशाळा, शिवणकाम सगळं एकाच छपराखाली. तिकीट विक्रीवर उद्याचा प्रयोग अवलंबून नसतो म्हणून दिग्दर्शकाला जुनी कृती पार वेगळी वाचायची मुभा मिळते. 1976 साली बायरॉइटला, जर्मनीतल्या वाग्नर महोत्सवात, फ्रेंच दिग्दर्शक पात्रिस शेरोने वाग्नरचं चार भागांचं ऑपेरा 'रिंग' औद्योगिक युगात नेऊन ठेवलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारून विरोध केला, आणि 1980 साली शेवटच्या प्रयोगाला तेच प्रेक्षक तासाहून जास्त टाळ्या वाजवत उभे होते. असा धीर सरकारी पैशाशिवाय परवडत नाही. तो पैसाही आता कमी होतोय, बर्लिनने 2025 साठी संस्कृतीच्या बजेटमधून 130 मिलियन युरोच्या आसपास कापले. आणि असिस्टंटचा करार साधारण सीझनपुरता असतो, पुढे ठेवणार नसतील तर 31 ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, तो महिना फार जड जातो.

लंडनमध्ये गाडी लागली तर चांगली लागते, वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक थिएटरांच्या भागात, दिग्दर्शकाला फीशिवाय रॉयल्टी मिळू शकते. पण बाहेरून गेलेल्याला पहिलं काम मिळालंच तर असोसिएट किंवा रेसिडेंट डायरेक्टरचं, म्हणजे दुसऱ्याने बसवलेला शो आठवड्याला आठ प्रयोग तसाच टिकवायचा, बदली कलाकारांना तयार करायचं. 'फँटम' हे म्युझिकल तिथे 1986 पासून, 'ले मिझ' 1985 पासून चालू आहे, तुम्हीच हिशोब करा. जर्मनीतही असिस्टंट प्रीमियरनंतर दिग्दर्शक निघून गेल्यावर शो सांभाळतो, पण तिथे आज मोझार्ट, उद्या ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा), परवा म्युझिकल, रोज सेट बदलतो. तीन वर्षांत मी अकरा प्रॉडक्शन आतून बघितली. शिकायला हे जास्त, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शिक्षण, व्हिसा वगैरे थोडक्यात. हॅम्बुर्ग, बर्लिन, म्युनिकला ऑपेरा दिग्दर्शनाचे सरकारी कोर्स आहेत, फी लंडनच्या तुलनेत नगण्य, पण व्हिसासाठी खात्यात वर्षाचे 11,904 युरो अडकवून दाखवावे लागतात (हा 2025 चा आकडा, निघताना परत बघा) आणि प्रवेश परीक्षेत संगीताची जाण तपासतात. जर्मन भाषा चांगलीच यावी लागते, तालमीत सुताराशी, कोरसशी इंग्रजीत बोललात तर काम होतं पण माणसं तुमची होत नाहीत. लंडनला भाषा सोपी, फी मात्र लाखांत.

आणखी एक गोष्ट, जी दोन्हीकडे त्रास देते. तुम्ही भारतीय म्हटलं की भारतात घडणारं 'लाक्मे' हे ऑपेरा किंवा भारताशी जोडलेलं काहीतरी तुमच्यापुढे ठेवतात. भन्साळींनी 2008 मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरला रूसेल या फ्रेंच संगीतकाराचं 'पद्मावती' हे ऑपेरा बसवलं, पण ते सिनेमातल्या नावावर बोलावलेले पाहुणे होते, आपला रस्ता तो नाही. मला जास्त जवळचा वाटतो तो विजयाबाई मेहतांचा, फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकाबरोबर वर्षानुवर्षं काम करून, ब्रेख्त मराठीत आणून, मग जर्मन नटांना घेऊन तिकडे नाटकं बसवली. त्यांनी देवाणघेवाण केली, आणि ती घाई न करता केली.

तर मी त्या मुलीला काय सांगितलं? जुनी कृती नव्याने वाचायची ओढ असेल तर जर्मनी, आणि आधी दोन वर्षं भाषा. नवं नाटक लेखक-संगीतकारासोबत घडवायचं असेल तर लंडन, पण जाण्याआधी इथे नागपुरात निदान एक नवं संगीत नाटक स्वतः उभं करून, वडसा-गडचिरोलीच्या झाडीपट्टी मंडळींसोबत एखादा सीझन रात्रभर विंगेत उभं राहून, कारण जिवंत वाद्यवृंद आणि पैसे देऊन आलेला प्रेक्षक यांची सवय तिथल्यासारखी कुठे लागत नाही.

अजूनही ठरत नसेल तर मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या, स्वरलिपी नेटवर फुकट मिळते. वीसेक मिनिटांचं सलग संगीत आहे, दोघांच्या भांडणापासून सुरू होऊन सात जण एकत्र गाईपर्यंत. पंधरा दिवस पेटी किंवा कीबोर्ड घेऊन बसा, कोण कुठून येतो, कुठे उभा राहतो, कोणत्या मात्रेवर वळतो ते पेन्सिलने मांडा. एकही सूर न हलवता ते मांडण्यात रात्र कधी सरली कळलं नाही तर जर्मनचा क्लास लावा. आणि तिसऱ्या दिवशीच हा भाग कापावा, तो पुढे घ्यावा असं हाताला वाटायला लागलं तर लंडनचे फॉर्म बघा. त्या मुलीने काल मेसेज केला, अकराव्या दिवशी आहे, त्यातल्या माळी अँटोनिओला कुठे उभं करू विचारतेय.