शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक काढा म्हटलं तर: सरसकट नाही म्हणायचं की समितीवर सोडायचं?

पालक-शिक्षक संघात असाल तर हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यापुढे येतोच म्हणून लिहून राहिलो. एक नियम असा की कोणतंही पुस्तक काढायचं नाही, विषय संपला. दुसरा म्हणजे समितीने बघायचं अन् ठरवायचं. मी दोन वर्षं समितीत होतो अन् तेव्हा पक्का दुसऱ्या बाजूचा होतो.

समितीच्या बाजूने बोलण्यासारखं आहेच. तिसरीच्या कपाटात दंगलीतल्या प्रेतांचे फोटो असलेलं पुस्तक मलाही नको, लेकरू रात्री दचकून उठते. पण ते नववीच्या कपाटात हलवलं की काम भागते, त्यासाठी काढून टाकायची गरज नाही.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्याकडे तक्रार आली ती एका पानाच्या फोटोवरून, व्हॉट्सॲप ग्रुपवर, अख्खं पुस्तक कोणीच वाचलेलं नाही. मीटिंगमध्ये ठरलं की तूर्त बाजूला ठेवू, वाचून घेऊ, मग बघू. पुस्तक गेलं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. पुढची मीटिंग गॅदरिंगची निघाली, त्याच्या पुढची फीची, मग परीक्षा, मग उन्हाळा. माझी पोरगी तेव्हा सातवीत, त्या पुस्तकासाठी नंबर लावून बसलेली. ती दहावी होऊन निघाली तेव्हा मी रजिस्टर उघडून पाहिलं, तर नावापुढे लाल पेनाने 'तपासणीसाठी' लिहिलेलं तसंच. सरळ बंदी घातली असती तर निदान भांडता आलं असतं. अन् समितीत असून मीही मागे लागलो नाही, ते मला अजून लागते.

दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवरून फिरताना मला १९८७ चं आठवते. बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड राज्य सरकारने छापला अन् राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून केवढं रान पेटलं, ते काढा म्हणून मोर्चे, ठेवा म्हणूनही मोर्चे. शेवटी मजकूर राहिला अन् सरकार या मतांशी सहमत आहे असं समजू नये अशा अर्थाची टीप जोडली गेली. शाळेतही टीप लावता येते, शिक्षक वर्गात बोलू शकतात.

आता अभ्यासक्रमातलं पुस्तक वेगळं, ते सगळ्यांनाच वाचावं लागते, तिथे निवड कोणीतरी करणारच. लायब्ररीत मात्र ज्याला हवं तो घेतो. प्रत्येक शाळेत हाच नियम बसेल असंही नाही, पण मला आज विचाराल तर मी सरसकट नाहीकडेच झुकतो.

तरी समितीच हवी असेल तर दोन गोष्टी आधी लेखी घ्या. तक्रार करणाऱ्याने पूर्ण पुस्तक वाचलेलं असावं अन् निर्णय लागेपर्यंत पुस्तक शेल्फवरच राहावं. दुसऱ्या गोष्टीला शाळा का-कू करायला लागली तर तुमच्याकडेही असं एखादं लोखंडी कपाट असेल, ते उघडून बघायला मागा.