तयार लोखंडी खुराडं: घाटावर ठीक, कोकणात निम्मं काम आपलं

गेल्या मे महिन्यात घाटावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तयार खुराडं मागवलं. जमिनीपासून दोन फूट उंचावर तीन बाय तीनची खोली, तिला जोडून सहा बाय तीनचा जाळीचा पिंजरा, वर पत्रा. टेम्पोच्या भाड्यासकट 11,500 रुपये. आमचं घर देवरुखजवळ. कोंबड्या सात: पाच गावठी, दोन गिरिराज या सुधारित जातीच्या. मुंगसाने दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) नेल्या, तेव्हा कुठे घरातून या खर्चाला होकार मिळाला. पुरा पावसाळा आणि थंडी काढून मग लिहितेय, कारण विकणाऱ्यांच्या व्हिडिओत खुराडं कायम कोरड्या अंगणात उभं असतं.

जोडलेला पिंजरा हीच यातली पैसे देण्याजोगी गोष्ट. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. ऊन बघून कोंबड्या सोडायच्या म्हटलं तर जून ते ऑगस्ट त्या कोंडूनच राहतील. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, खालचं तूस ओलं होतं आणि मग रक्ती हगवण लागते. ओल आणि ऊब मिळाली की तिचे जंतू दोन दिवसांत तयार. सासूबाई म्हणतात, "कोंबडी काय मिठाची आहे विरघळायला? सोड तिला." खरंच आहे ते. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, ते तेल चोचीने पिसांना चोपडत बसते, त्यामुळे रिमझिम पाऊस पाठीवरून नुसता ओघळून जातो. पण चिंब भिजली आणि वर वारा लागला, तर पिसांतली ऊब टिकत नाही आणि कोंबडी मान आत ओढून गप्प उभी राहते. तेव्हा कोरडा आडोसा जवळ हवा आणि त्याचं दार उघडं हवं. आत कधी यायचं ते तिचं तिला कळतं. श्रावणात सर आली की आमच्या सातही जणी पिंजऱ्यात घुसतात, अंग झाडतात आणि सर ओसरली की गांडुळं वेचायला पुन्हा परसात. पिल्लांची गोष्ट वेगळी. पिसं पुरती फुटेपर्यंत, निदान पाच-सहा आठवडे, त्यांना पावसात सोडूच नये.

आता तक्रारी. पत्रा जाळीच्या बाहेर जेमतेम दोन बोटं येतो आणि विष्ठेचा ट्रे त्याहून पुढे. म्हणजे पागोळ्या थेट ट्रेमध्ये! पहिल्याच मोठ्या पावसात तो काठोकाठ भरला आणि सगळं पिंजऱ्यात सांडलं. शिवाय आमच्याकडे झड तिरकी येते, दोन बोटांचा पत्रा तिला काय अडवणार? बाजारातल्या वेल्डरकडून दीड फूट पत्रा वाढवून घेतला, त्याचे 1,400 रुपये वेगळे.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार पडद्याचा. तो वरून खाली सोडायचा आहे. अर्धा सोडला की वर बंद, खाली उघडं. वारा नेमका कोंबड्यांच्या अंगावर आणि विष्ठेचा अमोनिया वरच्या वर कोंडलेला. कुठल्याही बऱ्या पोल्ट्री शेडात बघा, पडदा खालून वर ओढतात आणि वरचा हातभर भाग हवेला मोकळा ठेवतात. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, पूर्ण सोडा ना, आत ऊब राहील." ऊब राहिली, दमटपणाही राहिला. सकाळी पडदा उचलला की जाळीला आतून थेंब लटकलेले आणि माझे डोळे चुरचुरायचे. शेवटी पडदा उतरवून उलटा बांधला. चार हुक आणि सुतळी, एवढंच लागलं. हे त्यांच्याच कारखान्यात व्हायला काय हरकत होती?

बसायची दांडी म्हणजे एक इंची गोल लोखंडी पाइप. कोंबडी झोपते ती पोटाची पिसं पायांवर पसरून, बोटं झाकून. पाइपवर बोटं खालून गार पडतात आणि ओला झाला की तो निसरडा होतो. आमची एक गिरिराज अंगाने जड, ती दांडी सोडून कोपऱ्यात घाणीत बसायची. दोन इंच रुंद लाकडी पट्टी कडा घासून बसवली, तेव्हापासून वर चढते.

थंडीसाठी काहीच करावं लागलं नाही. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास, कोरडी थंडी तिला बाधत नाही. जानेवारीत गवतावर दव असतानाच मी दार उघडायचे. अंडी कमी झाली ती दिवस लहान असल्यामुळे, तो दोष खुराड्याच्या माथी मारणार नाही.

जाळी मात्र भक्कम. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, मुंगूस भोवती घिरट्या घालून गेलं. खुराड्याचे पाय मातीत टेकवू नका, गंजतील. आम्ही चार चिरे घातलेत.

5 पैकी 3. पाऊस बेताचा असेल तिथे खुशाल घ्या. कोकणात घेणार असाल तर जास्तीचा पत्रा, खालून वर जाणारा पडदा आणि लाकडी दांडी ऑर्डर देतानाच लिहून द्या. आणि नटबोल्ट गॅल्व्हनाइज्ड मागा. आमचे साधे निघाले, दिवाळीत ट्रे धुवायला काढायचा म्हटलं तर दोन बोल्ट पान्याने फिरेनात, कापून काढावे लागले.