प्रेस स्टार्ट टू पी: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

हा फॉन्ट घ्यायचा तर आधी ८ चा पाढा डोक्यात ठेवा. नामको कंपनीच्या १९८०च्या दशकातल्या आर्केड खेळांमधल्या अक्षरांवर तो बेतलेला आहे आणि प्रत्येक अक्षर ८ बाय ८ घरांत बसतं. १६, २४, ३२ पिक्सेल असा आकार ठेवला की कडा लख्ख येतात. १२ ठेवला की एकेक घर दीड पिक्सेलचं होतं, उरलेला अर्धा भाग राखाडी भरला जातो आणि अक्षर पुसट दिसतं. फोटोशॉपमध्ये अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सोय) ‘नन’ करा आणि फाइल पीएनजीमध्येच काढा. जेपेगमध्ये चौकोनांभोवती मळकट डाग पडतात.

याचं खरं सोनं होतं ते पी१० एलईडी बोर्डावर. बडोद्यात रावपुरा, मांडवीकडे दुकानांवर सरकत्या अक्षरांचे जे लाल बोर्ड लागतात, तेच हे. एक मॉड्यूल, म्हणजे बोर्डाचा एक सुटा तुकडा, ३२ बाय १६ ठिपक्यांचं, दोन ठिपक्यांत १० मिमी अंतर. म्हणजे चार अक्षरांच्या दोन ओळी तंतोतंत बसतात. इंग्रजी ‘ओपन’ किंवा ‘सेल’ एका मॉड्यूलच्या रुंदीत मावतो, एकही ठिपका वाया जात नाही. रस्त्यापलीकडून वाचायचं असेल तर पूर्ण १६ ठिपके उंची घ्या, मग मॉड्यूलमागे दोनच अक्षरं. घोळ होतो तो बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे आकार बहुतेकदा पॉइंटमध्ये मागतात आणि माणूस सवयीने ८ टाकतो. ९६ डीपीआयला (इंचात ९६ पिक्सेल) ८ पिक्सेल म्हणजे ६ पॉइंट आणि १६ पिक्सेल म्हणजे १२ पॉइंट. चुकीच्या आकारातल्या राखाडी कडा एकरंगी बोर्डाला दाखवताच येत नाहीत. ठिपका एकतर पेटतो नाहीतर विझतो, म्हणून एक रेघ जाड, दुसरी बारीक असा प्रकार होतो. त्यापेक्षा दोन रंगांची बीएमपी चित्रफाइल बनवून चढवणं बिनघोर.

मोठी उणीव एकच, पण बडोद्यात ती फार बोचते: यात देवनागरी नाही, गुजरातीही नाही. मराठी शब्द टाइप केला की संगणक परस्पर दुसरा गुळगुळीत फॉन्ट लावतो आणि ओळीचा सगळा तोल जातो. गणपतीच्या किंवा नवरात्रीच्या बॅनरवर तीन लिप्या एकत्र हव्या असतील तर ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्त’ नावाच्या फॉन्ट-कुटुंबातले जाड फॉन्ट जोडीला घ्या. त्यात देवनागरी आणि गुजराती दोन्ही मिळतात.

बोर्डावर मात्र देवनागरी हातानेच काढावी लागते. ८ ओळींत ती मावत नाही, १६ लागतात: वर ४ वेलांटी-मात्रांना, १ शिरोरेषेला, ८ अक्षराच्या अंगाला, ३ उकारांना. इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये एक उभी ओळ मोकळी सुटते. इथे तशी सोडली तर शिरोरेषा तुटते, म्हणून ती फक्त शब्दानंतर सोडायची. ‘बडोदे’ काढून बघा. ‘ब’च्या पोटात ३ बाय ३ची पोकळी ठेवली तर तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीनच ठिपके उरतात, दिव्यांच्या उजेडात ते बुजतात आणि दुरून नुसता गोळा दिसतो. ४ बाय ४ ठेवली की सहा-सहा उरतात, ‘ब’ आणि ‘व’ वेगळे कळतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे ते काम निम्म्यात उरकतं.

वेबसाइटवर आणखी एक गोष्ट छळते. या फॉन्टला एकच वजन (रेघांची जाडी) आहे, तर ब्राउझर मथळे आपणहून ठळक करतो. तो खोटा ठळकपणा सगळे कोपरे बिघडवतो. फॉन्ट-वेट नॉर्मल लिहून टाका. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल तर १६चे २० पिक्सेल होतात, म्हणजे घर अडीच पिक्सेलचं. तिथे ३२ ठेवला तरच नीट दिसतो, कारण ४०ला ८ने पूर्ण भाग जातो. रुंदीचा हिशोब सोपा आहे, प्रत्येक अक्षर फॉन्टच्या आकाराएवढंच रुंद. ३२ पिक्सेलची १२ अक्षरं ३८४ झाली, ती ३६० रुंदीच्या मोबाइलवर कापली जाणार.

व्हिनाइल कटिंगला कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह (आकाररेषा) करा आणि एक घर ३ मिमीपेक्षा लहान ठेवू नका. या फॉन्टच्या उभ्या रेघा दोन घरं जाड आहेत, आडव्या एकच. इंग्रजी ‘एस’ची मधली आडवी रेघ दोन्ही टोकांना एकेका घराने लटकलेली असते, सोलताना तिथेच फाटते. हाताने काढलेल्या ‘ब’ची तिरकी रेघ तर कोपऱ्याला कोपरा टेकलेली, तिथे ०.२ ते ०.३ मिमी एकावर एक चढवून वेल्ड करा, म्हणजे एकसंध जोडा, नाहीतर चौकोन सुटे होऊन हातात येतात.

गडद टी-शर्टवर छापताना खालचा पांढरा थर किंचित आत घेतात, त्यात बारीक आडव्या रेघा खाल्ल्या जातात, म्हणून घर निदान दीड मिमीचं हवं. फोन नंबर आणि पत्ता या फॉन्टमध्ये अजिबात घालू नये. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे: छापलेला माल विकायला मोकळीक, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही.