शिकण्यासाठी छोटं मिग वेल्डिंग मशीन: अँपिअर नको, फीडर बघा

घरच्या सिंगल फेजवर चालणारी, गॅससह आणि गॅसशिवाय अशी दोन्ही चालतात म्हणून विकली जाणारी १३० ते २०० अँपिअरची इन्व्हर्टर मिग मशीन (रिळातली वायर आपोआप पुढे सरकत वितळते आणि धातू जोडते, अशी वेल्डिंग मशीन) शिकायला चांगलीच आहेत. फक्त खोक्यावरच्या अँपिअरच्या आकड्याला भुलू नका. ३ मिमी माइल्ड स्टीलला १०० ते १२० अँपिअर पुरतात. खरा फरक पडतो तो वायर फीडरमुळे, म्हणजे रोलरने वायर हातातल्या टॉर्चकडे ढकलणाऱ्या भागामुळे.

घेण्याआधी झाकण उघडा. रोलरची चौकट धातूची असावी. प्लास्टिकची असली की दाबाचा स्क्रू आवळताना ती वाकते, वायर घसरते, आर्क (वायर आणि धातूमधली विजेची ज्योत) अडखळतो आणि नवशिका आपल्याच हाताला दोष देत बसतो. सॉलिड वायरला व्ही खाचेचा रोलर लागतो, फ्लक्स कोअरला (आत फ्लक्सची पावडर भरलेल्या पोकळ वायरला) दातेरी. दाब तपासायला ट्रिगर दाबून वायर लाकडी फळीवर टेकवा. ती वळत बाहेर आली तर ठीक, रोलर जागच्या जागी फिरला तर थोडा आवळा. गरजेपेक्षा जास्त आवळलात, तर वायर टिपमध्ये (टॉर्चच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या नळीत) अडकताच रोलरपाशी तिचा गुंता होतो.

दुसरी अट: व्होल्टेज आणि वायरचा वेग यांचे नॉब वेगवेगळे हवेत. सगळं आपोआप ठरवणारा मोड सोयीचा असतो, पण नुसता तोच असेल तर काय बदललं की काय होतं, हे कधीच कळत नाही. ०.८ मिमी सॉलिड वायर, आरगॉन ७५ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड २५ टक्के, मिनिटाला १० लिटर गॅस, १८ व्होल्ट, वायर मिनिटाला ५ ते ६ मीटर: ३ मिमी पट्टीवर इथून सुरुवात करा. टिपपासून जॉबपर्यंत (जोडायच्या तुकड्यापर्यंत) वायर १० मिमीच्या आसपास बाहेर. मग व्होल्टेजला हात न लावता फक्त वेग बदला. एकसारखा तडतड आवाज आला की जमलं. वायर जॉबवर ठोकर मारत टॉर्च मागे ढकलत असेल तर वेग जास्त आहे. टोकाशी मोठा थेंब लोंबतोय, वायर टिपलाच चिकटतेय, तर कमी.

'गॅसशिवाय नुसते छर्रे उडतात' या तक्रारीमागे बहुतेक वेळा उलटी पोलॅरिटी असते. सॉलिड वायर आणि गॅस असेल तर टॉर्च पॉझिटिव्हला, गॅसशिवायच्या फ्लक्स कोअरला निगेटिव्हला. आतल्या पट्टीवरची जोडणी बदलायची, दोन मिनिटांचं काम.

सोबत येणारा अर्थ क्लॅम्प सहसा पातळ पत्र्याचा असतो, तो आधी बदला आणि गंज, रंग ग्राइंड करून चकाकत्या धातूवरच लावा. १ किलोच्या रिळात साधारण २५० मीटर वायर, म्हणजे आर्क जेमतेम पाऊण तास चालतो. ५ किलोचं रीळ बसणारं मशीन बघा.

जोड किती आत शिरलाय ते वरून दिसत नाही. दोन पट्ट्या टी आकारात एकाच बाजूने जोडा आणि उभी पट्टी हातोड्याने झाळेच्या बाजूला पाडा. झाळ एका पट्टीवरून अख्खी सुटून आली, खाली मूळ धातू तसाच गुळगुळीत राहिला, तर उष्णता कमी पडली. सरावाला गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र नको, जस्ताच्या धुराने ताप येतो.

टॉर्च मशीनला कायमची जोडलेली असेल तर ते मशीन सोडा. लायनर (टॉर्चच्या केबलमधली, वायर जाते ती नळी) झिजतोच, आणि युरो कनेक्टर (टॉर्च काढता-घालता येते अशी जोडणी) असेल तर टॉर्च काढून तो बदलणं सोपं जातं.