दहा पटीचं भिंग: नऊ महिने गळ्यात बाळगल्यावर

मागच्या जूनमध्ये घेतलं, आता मार्च संपत आला. पावसाळा, दसऱ्याच्या आसपासचं फुललेलं माळरान, थंडी आणि आता हे वाळलेलं रान, असं सगळं या भिंगातून बघून झालंय. त्यामुळे लिहायला हरकत नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. साताऱ्यात एका पतपेढीत हिशेब लिहिते आणि रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर किंवा यवतेश्वरच्या बाजूला चालायला जाते. आमच्या चालण्याच्या गटात वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. फुलाचं नाव विचारलं की ते नाव सांगत नाहीत, "आधी भिंगातून बघा" म्हणतात. दोन पावसाळे त्यांचं भिंग मागून मागून वापरलं, शेवटी लाज वाटून स्वतःचं घेतलं.

खरं तर हे माझं दुसरं भिंग. पहिलं ऑनलाइन मागवलं होतं, "३० पट" असं त्यावर ठसठशीत कोरलेलं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण असली भिंगं पुष्कळ ठिकाणी मिळतात. सरांनी ते हातात घेतलं, खिशातून छोटी फूटपट्टी काढली आणि छापील कागद स्पष्ट दिसेल इतकं अंतर मोजलं. अडीच सेंटिमीटर भरलं. मग हिशेब सांगितला: पंचवीस सेंटिमीटरला त्या अंतराने भागा, जे येईल तेवढे पट. म्हणजे माझं तीस पट हे दहा पटच होतं, आणि वर कडेला निळी-जांभळी झालर. कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पट्टी लावा. खरं तीस पटीचं भिंग वस्तूपासून जेमतेम आठ मिलिमीटरवर धरावं लागेल, फूल पापण्यांना लागेल!

आताचं भिंग तीन काचा चिकटवून केलेलं आहे, त्यामुळे झालर नाही आणि कडेच्या रेषा वाकत नाहीत. ७८० रुपये पडले. वीस पटीचं घ्यावं असा मोह मलाही झाला होता. गटातल्या एका मैत्रिणीकडे आहे, ते बहुतेक वेळा पिशवीतच असतं. त्यातून पाकळीचं टोक स्पष्ट झालं की बूड धूसर होतं, आणि वाऱ्यावर हलणारं फूल त्या एवढ्याशा वर्तुळात सापडतच नाही. टेबलावर बसून बघणार असाल तरच घ्या.

वापरायची रीत मात्र शिकावी लागते. सगळे जण आधी चित्रपटातल्या गुप्तहेरासारखं भिंग झाडावर धरतात आणि लांबून डोकावतात. तसं काही दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, अंगठा गालाला लावून हात स्थिर करायचा आणि दुसऱ्या हाताने फूल हळूहळू जवळ आणायचं. फूल तोडायचं नसेल तर स्वतःच खाली जायचं, म्हणजे चिखलात गुडघे. दुसरा डोळा मिटायचा नाही, मिटला की पाच मिनिटांत कपाळ दुखतं. उजेड फुलावर हवा, आपल्या पाठीवर नको. माझा वाचायचा चष्मा मी काढून ठेवते.

पहिला आठवडा मी नुसती एकदांडी बघितली. लहानपणी गुडघा फुटला की दगडी पाला म्हणून चोळायचो तीच. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आता आपल्या प्रत्येक बांधावर, गटाराच्या कडेला आहे. इतकी वर्षं मी त्याला "एक फूल" समजत होते. भिंगातून बघितलं तर मधला पिवळा गोळा म्हणजे कितीतरी नळकांडी, प्रत्येकाला पाच दाते, आणि प्रत्येक नळकांडीतून दोन फाट्यांची कुक्षी (पराग झेलणारं टोक) बाहेर आलेली. कडेच्या त्या चार-पाच फिकट पाकळ्याही पाकळ्या नव्हेत, प्रत्येक म्हणजे एक फूल, टोकाला तीन दात असलेलं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती हे सगळं एका कुलात, म्हणजे वनस्पतींच्या एकाच मोठ्या घराण्यात का, हे त्या गटाराच्या कडेला उकिडवं बसून कळलं. जाणारे-येणारे विचारत होते, "काही हरवलंय का ताई?"

दुसरा अभ्यास परसात झाला. वांग्याचं फूल आणि टोमॅटोचं फूल शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीत मधे परागकोशांचा पिवळा सुळका. वांग्याच्या परागकोशाला टोकाला दोन बारीक भोकं असतात, पराग तिथून झडतात. रानातल्या काटेरिंगणीलाही तीच भोकं. टोमॅटोचा सुळका सुईने उकलला तर आतल्या बाजूला उभ्या चिरा दिसतात. एवढ्या फरकाचं मोल काय? वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३मध्ये टोमॅटोला वांग्याच्याच प्रजातीत बसवलं होतं, पुढच्याच वर्षी मिलर या वनस्पतितज्ज्ञाने त्याला वेगळं काढलं, आणि दोनशेहून जास्त वर्षांनी डीएनएच्या पुराव्यावर तो परत वांग्याच्या घरात आला. मला भिंगातून दिसलेला फरक खराच आहे, फक्त वेगळी प्रजाती करायला तो पुरेसा ठरला नाही. (प्रजाती म्हणजे वरची पातळी, जाती म्हणजे त्याखालची. विश्वकोश असंच लिहितो. वर्तमानपत्रं मात्र सर्रास जातीला प्रजाती म्हणतात, आणि मग आमच्या गटात अर्धा तास वाद होतो.)

स्वयंपाकघरातही ते चालतं. कढीपत्त्याचं पान खिडकीच्या उजेडासमोर धरून भिंगातून बघितलं तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. लिंबाच्या पानात त्याच, बेलाच्या पानातही. एकाच कुलातली मंडळी. हे मी इतकं तल्लीन होऊन बघत होते की सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोडणी जळाली. पान बघतेस का घालतेस?" मग त्यांनाही दाखवलं. आता त्या देवाच्या फुलांत काय काय बघत असतात आणि भिंग जागेवर नसतं.

आता जिथे भिंग कमी पडलं ते सांगते. सप्टेंबरात यवतेश्वरच्या पुढे रस्त्याकडेच्या ओलसर कातळावर गेंद फुलले होते. लांबून पांढऱ्या शर्टाची बटणं विखुरल्यासारखे. एक बटण म्हणजे जेमतेम पाऊण सेंटिमीटर, आणि त्यात डझनावारी फुलं, नर आणि मादी एकाच गोंड्यात. भिंगातून प्रत्येक फुलामागचं छद, म्हणजे इवलंसं पान दिसलं, त्यावरचे पांढरे केस दिसले, पाकळीच्या टोकाशी काळा ठिपका दिसला, ती ग्रंथी. मी हरखून गेले. फोनमधल्या ॲपला तीन फोटो दिले होते, त्याने तीन वेगळी नावं दिली होती. वाटलं, आता जात मीच ठरवणार. सरांनी विचारलं, "बी बघितलंत का?" गेंदाच्या जाती वेगळ्या करताना बियांच्या पृष्ठभागावरची नक्षी बघावी लागते, आणि ती सूक्ष्मदर्शकाचं काम. माझ्या वहीत त्या पानावर सगळं वर्णन आहे: पानांची लांबी, देठावरच्या कडा, निदलांची (पाकळ्यांबाहेरच्या वेढ्यातल्या दलांची) संख्या. वर नाव: "गेंद, जात?"

कारवीचंही तेच. कारवीच्या भाऊबंदांची मोठी प्रजाती ब्रेमेकॅम्प या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४४मध्ये फोडली तेव्हा परागकणांवर फार भर दिला होता. आपली कारवी त्यात वेगळी निघाली आणि तिच्या प्रजातीचं नावच "कार्विया" झालं, आपल्या मराठी शब्दाचं लॅटिन रूप. आता ती परत जुन्या प्रजातीत गेली आहे, याचं मला उगाच वाईट वाटतं. पराग भिंगातून दिसतात ते पिवळी पूड म्हणून, त्यांच्यावरची नक्षी नाही.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, हे भिंग कुलापर्यंत हमखास नेतं, प्रजातीपर्यंत पुष्कळदा, जातीपर्यंत कधीमधी. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. हा माणूस मूळचा इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य. त्याच्या किल्ल्या, म्हणजे लक्षणं बघत पायरीपायरीने नावापर्यंत नेणारे प्रश्न, आजही सर लावून दाखवतात: उपपर्णं (पानाच्या देठाच्या बुडाशी असतात ती छोटी पानं) आहेत की नाहीत, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली, परागकोश कसे उघडतात. भिंग नसताना त्या ओळी मला मोडी वाटायच्या. आता निदान पहिल्या चार-पाच पायऱ्या स्वतः उतरते. नावं मात्र बरीच बदललीत, ती ताडून घ्यावी लागतात.

कास पठारासाठी म्हणून घेणार असाल तर थांबा. तिथे ठरलेल्या वाटेवरून चालायचं, फुलाला हात लावायचा नाही, आणि ते योग्यच आहे. भिंगाला फूल अडीच सेंटिमीटरवर लागतं. मी तिथे ते एकदाही उघडलं नाही. आपल्या गल्लीतलं तण याला जास्त उपयोगी.

देखभालीचं. जुलैत काचेच्या आत बुरशीचा धागा धरला होता, कारण ओलं भिंग तसंच डबीत बंद केलं. आता औषधाच्या बाटलीत येणारी ती ओलावा शोषणारी पुडी डबीत असते. काच ओढणीने पुसू नका, ओढणीतली धूळ ओरखडे पाडते. आधी फुंकर आणि मग जुन्या मलमलीचा तुकडा. बिजागरीचा स्क्रू चौथ्या महिन्यात सैल झाला, घड्याळवाल्याने फुकट आवळून दिला, पुन्हा थोडा सैल आहे. मूळची काळी दोरी पहिल्याच महिन्यात काढली, कारण भिंग गवतात पडलं आणि अर्धा तास सापडेना. आता देवीच्या ओटीतला लाल नाडा बांधलाय.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो स्क्रूसाठी. गेंदाचं बी धरायला ऑक्टोबरात परत तिथे जायचंय. सर म्हणालेत, बटण तपकिरी झालं की कागदाच्या पाकिटात घालून आणा, सूक्ष्मदर्शक मी बघतो.