कॅमेलियन डिस्कव्हरी: पैसे वसूल होतात ते दुसऱ्या बीममुळे

कॅमेलियन डिस्कव्हरी एनएक्स हा मल्टिफोटॉन मायक्रोस्कोपसाठीचा लेसर निवडताना नजर आधी जाते ती त्याच्या ट्यून होणाऱ्या बीमच्या ६६० ते १३२० नॅनोमीटर या आकड्यावर. अनेक रंगांच्या मल्टिफोटॉन कामासाठी (जिथे रेणू एकाच वेळी दोन किंवा अधिक फोटॉन घेऊन चमकतो) मात्र तो घ्यावा सोबतच्या १०४० नॅनोमीटरच्या स्थिर बीमसाठी. ६६० चं फार कौतुक नको. मायक्रोस्कोपचा मुख्य डायक्रोइक (तरंगलांबीनुसार प्रकाश वेगळा करणारा आरसा) ६९० ला कापत असेल, तर त्याखालचा प्रकाश नमुन्यापर्यंत नीट पोचतच नाही.

साधा वापर असा: ९२० वर ईजीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन, १०४० वर टीडीटोमॅटो हे लालसर. ट्यूनिंगसाठी ताटकळणं नाही.

खरी गंमत दोन्ही बीम एकत्र केल्यावर. ट्यून होणारा बीम ८६० वर ठेवला, की सीएफपी (निळसर प्रथिन) त्याचे दोन फोटॉन घेतो, टीडीटोमॅटो १०४० चे दोन आणि वायएफपी (पिवळं प्रथिन) दोन्हीकडून एकेक, म्हणजे हिशेबाने जणू ९४१ नॅनोमीटरचे दोन. तीन रंग एका स्कॅनमध्ये. पण त्यासाठी दोन्ही पल्स एकाच क्षणी एकाच बिंदूवर हव्यात. १०० फेम्टोसेकंदांची पल्स हवेत जेमतेम ३० मायक्रोमीटर लांब. डिले लाइनचा (एका बीमची वाट कमी-जास्त करून वेळ जुळवणाऱ्या रचनेचा) परतीचा आरसा १५ मायक्रोमीटर हलला तरी जाऊन-येऊन तेवढाच फरक पडतो आणि वायएफपी मावळतो. बाकीचे दोन रंग ठणठणीत दिसतात, म्हणून खापर बिचाऱ्या नमुन्यावर फुटतं. तरंगलांबी बदलली की काचेतला विलंबही बदलतो, तेव्हा डिले दर वेळी नव्याने जुळवावा. बिंदू जुळलेत का, हे आगरोजच्या जेलमध्ये बसवलेल्या ०.५ मायक्रोमीटरच्या बहुरंगी बीड्सवर (चमकणाऱ्या मण्यांवर) कळतं. आडवा फरक आरशांनी निघतो. खोलीतला फरक काढायला एका बीमच्या टेलिस्कोपमधल्या भिंगांचं अंतर किंचित बदलावं लागतं.

१०४० चा एक उपद्रव आहे. कोलॅजेनमध्ये त्याचा सेकंड हार्मोनिक (निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश) बरोबर ५२० ला पडतो, हिरव्या चॅनेलच्या ५२५/५० फिल्टरच्या (मध्य ५२५, रुंदी ५० नॅनोमीटर) जवळजवळ मधोमध. त्वचेत हिरवे तंतू दिसले तर ९२० चा बीम झाकून बघा. तंतू तसेच लखलखत राहिले तर तो ईजीएफपी नव्हे. बीम ओळीआड बदलून १०४० च्या ओळींतला हिरवा चॅनेल टाकून दिला की प्रश्न मिटतो. तीन रंगांच्या मिश्र पद्धतीत ही पळवाट नाही. उलट ८६० आणि १०४० च्या एकेक फोटॉनच्या ऊर्जेची बेरीज होऊन तयार होणारा प्रकाश ४७१ ला, थेट सीएफपीच्या चॅनेलमध्ये उतरते. तंतुमय ऊतींसाठी म्हणून सीएफपीचा स्कॅन एकट्या ८६० वर वेगळा घ्यावा; तेव्हा हार्मोनिक ४३० ला जातो आणि ४८०/४० फिल्टर त्याला बाहेर ठेवतो.